बैलाचे अंग ओळखतो, मग आपले?

बैलबाजारात आपले शेतकरी बंधू काय काय पाहतात! दात मोजतात, खांदा चाचपतात, खूर उचलतात, चार पावले चालवून बघतात. पण ज्या अंगाच्या जिवावर सारी शेती उभी आहे, त्या स्वतःच्या अंगाची ओळख आपल्याला फार थोडी असते. कृषी खात्याच्या नोकरीत तीस वर्षे गावोगाव हिंडताना हे मला वारंवार जाणवले.

एका शेतीशाळेत मी विचारले, "काळीज कोठे असते?" सर्वांचे हात छातीवर डावीकडे गेले. एक आजोबा मात्र म्हणाले, "साहेब, बोकडाची कलेजी तर उजवीकडं निघते की!" आजोबांचे खरे होते. धडधडते ते हृदय. कलेजी म्हणजे यकृत. माणसातही ते उजव्या बरगड्यांखाली असते. वजन सुमारे दीड किलो. पुष्कळशी विषारी द्रव्ये निकामी करणे हे त्याचे एक मोठे काम. मूत्रपिंडे दोन, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांजवळ. दिवसाकाठी ती सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि बहुतेक सारे परत रक्तात सोडतात. म्हणजे आपले 15 लिटरचे फवारणीचे 12 पंप!

फवारणीचा विषय निघालाच आहे, तर मुद्द्याचे सांगतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांनी औषध प्यायले नव्हते. मग ते अंगात शिरले कोठून?

पहिली वाट कातडीची. कातडी हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव; पसरली तर 16 ते 20 चौरस फूट भरेल. पण ती सगळीकडे सारखी नसते. कोपराखालच्या हाताच्या मानाने अवघड जागेची कातडी सुमारे 12 पट औषध शोषते. आता पाहा, पाठीवरचा पंप गळतो, ओघळ कमरेखाली उतरतो, आणि मांडीएवढ्या ओल्या कपाशीतून आपण चालत राहतो. जेथे कातडी सर्वांत नाजूक, तेथेच कपडा सर्वांत जास्त भिजतो.

दुसरी वाट श्वासाची. फुप्फुसे दोन, उजव्याचे भाग तीन, डाव्याचे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते. आत हवेचे कोट्यवधी बारीक फुगे. ते उलगडून अंथरले, तर पाऊण गुंठ्याच्या आसपास जागा व्यापतील. एवढे मोठे रान वाऱ्यावरच्या तुषारांना उघडे असते.

ऑर्गेनोफॉस्फरस गटातील औषधे पुढे मज्जातंतूंना गाठतात. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो आणि काम झाले की एक द्रव्य तो निरोप पुसून टाकते. हे औषध त्या पुसणाऱ्या द्रव्यालाच बांधून ठेवते. मोटार बंद करण्याचे बटण अडकावे तसे होते. घाम, लाळ, उलटी थांबत नाही, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. किडा मरतो तो याच रीतीने.

माझ्या थोरल्या बंधूंना एकदा फवारणीनंतर असाच घाम सुटला. ऊन लागले, ताक द्या, असे चौघांनी सांगितले. वहिनींनी त्यांचे डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्यांनी ताक दिले नाही. कपडे उतरवले, साबणाने अंग धुतले, औषधाची बाटली पिशवीत घातली आणि गाडी जोडून थेट दवाखाना गाठला. बाटलीवरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचार ठरवता आले. बंधू वाचले.

म्हणून सांगणे एवढेच. गळका पंप पाठीवर घेऊ नका. अंगभर कपडे, हातमोजे, तोंडाला मुखवटा वापरा आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. काम झाल्यावर आधी अंघोळ, मग जेवण. आणि घरातील मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकात शरीराची आकृती असते, ती एका संध्याकाळी सर्वांनी मिळून पाहा. मुलाला म्हणावे, "बाळ, यकृत कोठे, फुप्फुस कोठे, ते आमच्या अंगावर हात ठेवून दाखव." घरातील बायामाणसांना त्या वेळी जरूर बसवा.