दाणा सांडायच्या जागा

दर वर्षी २० मार्चला, चिमणी दिनाला, चिमण्या संपल्या असं कुणी ना कुणी लिहितं. यवतमाळ जिल्ह्यापुरतं तरी ते खरं नाही. बाजार समितीच्या ओट्यावर, चक्कीच्या दारात, किराणा दुकानातल्या पोत्यांवर चिमण्या आहेत. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल २०२० साली आला, त्यातही हेच निघालं. देशभराचा हिशेब धरला तर चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, कमी झाली ती मोठ्या शहरांत. आपल्याकडून गेल्या त्या घरातल्या, परसातल्या, वावरातल्या दाणा सांडायच्या जागा. घर रोजच्या रीतीनं चालत होतं आणि त्यातच पाखरांचं भागत होतं. त्या जागांची ही नोंद, आठवेल त्या क्रमानं.

कणसांची जुडी. ज्वारीची सोंगणी झाली की भरदार कणसं निवडून दोन जुड्या बांधायच्या. एक बियाण्याची; ती चुलीवर, धुरात टांगायची, म्हणजे कीड लागत नाही. दुसरी पाखरांची, ती सपरीच्या आड्याला. चिमणी कणसाला उलटी लटकते, एक दाणा उपटते, चोचीत फिरवते, टरफल गाळते आणि मग गिळते. या खटाटोपात एक दाणा पोटात जातो आणि दोन खाली पडतात. खाली होले फिरत असतात. होल्याला टरफल सोलता येत नाही, कणसाला लटकताही येत नाही. तो सांडलेलं अख्खं गिळतो. म्हणजे एका जुडीवर दोन पंगती. जुडी किती दिवसांत संपली याचा कुणी हिशेब ठेवत नसे. लेकरांनी तक्रार केली तर आजीचं उत्तर ठरलेलं: "खाऊ दे त्याईले. पाखराचं पोट केवळं असते?"

जुडी गेली कारण ज्वारी गेली. आणि ज्वारी एका दिवसात गेली नाही. १९६४ साली 'सीएसएच-१' ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. संकरित ज्वारी शेतकऱ्यांपर्यंत नेण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, आणि त्या ज्वारीनं टंचाईच्या वर्षांत लोकांची पोटं भरली, हे विसरता येत नाही. मात्र ती लवकर पिकायची. ऐन दाण्यात पाऊस आला की काळी पडायची. भाव पडायचा. पुढे सोयाबीन आलं, २००२ पासून बीटी कपाशी आली, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि ताटातली भाकर मागे पडली. शेवटचा घाव वेगळाच होता. ज्वारी हे गावानं मिळून पेरायचं पीक आहे. शंभर वावरांत ज्वारी असली की पाखरं वाटली जातात, कुणा एकाचं फारसं जात नाही. एकट्यानं पेरली तर सगळ्या शिवाराची पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. त्यांच्या आधी रात्री रोही आणि डुकरं येऊन गेलेली असतात. असा एक हंगाम काढला की तो माणूस पुन्हा ज्वारीचं नाव काढत नाही. त्याला दोष कसा द्यायचा?

सोयाबीनचा दाणा चिमणीच्या चोचीला मोठा आणि टणक. कपाशीत तर दाणाच नाही. हिरव्यागार शिवारात दाणा खाणाऱ्या पाखराला काही नाही, अशी आज आपल्या खरिपाची गत आहे.

गोफण. अंबाडीच्या वाखाची, घरी विणलेली. कपाशीच्या कडेला अंबाडीचं एखादं तास असायचंच. भाजीही त्याचीच आणि दोरही त्याचेच. ज्वारी दुधावर आली की माळ्यावर पोरांना बसवत. काम एकच, पाखरं हाकलायची. पण हाकलायची म्हणजे आधी ओळखायची. चिमण्यांचा थवा आरडाओरड्यानं उठतो. पोपट गुपचूप येऊन अख्खं कणीस तोडून नेतो, त्यामुळे त्याच्यावर आधी नजर. आणि पळसमैना, म्हणजे आपल्या भोरड्या! पूर्व युरोप आणि मध्य आशियातून पावसाळ्याच्या शेवटी येतात, शेकडोंच्या थव्यानं वावरावर उतरतात आणि गोफणीच्या एका आवाजावर सगळ्या मिळून वळतात. ते वळणं पाहायला पोरं मुद्दाम गोफण वाजवायची. ज्वारी निघाल्यावर त्याच भोरड्या फाल्गुनात पळसाच्या फुलांवर दिसत, आणि तेव्हा त्यांना कुणी हाकलत नसे.

दुर्बीण, पुस्तक, यादी यांतलं काही हाती नसलेल्या पोरांची पक्षिनिरीक्षणाची शाळा ही होती. आज जिल्ह्यात पक्षी पाहणारी तरुण मंडळी आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे. राज्यात ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून १२ नोव्हेंबरला सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह होतो, तोही व्हायलाच हवा. पण माळ्यावर बसून शिकलेल्या पोरांची संख्या कुठल्याही सप्ताहाला गाठता येणार नाही.

खळं. जमीन चोपून, शेणानं सारवून केलेलं. मध्ये मेढ, भोवती बैलांची पात. उपणणी झाली की धान्य घरी जायचं, कुटार कोठ्यात जायचं आणि खळ्यात मातेरं उरायचं, मातीत मिसळलेला दाणा. आधी गरीब बाया येऊन त्यातलं निवडून नेत. त्यांचं झालं की चिमण्या, होले, साळुंक्या. महिनाभर ती जागा पाखरांची. आता मळणीयंत्र बांधावर येतं, तासाभरात पोती शिवली जातात आणि माल वावरातूनच गाडीत चढतो.

सूप. दुपारी सपरीत बाई पाखडायला बसली की सुपाच्या फटक्याचा आवाज ओळखून चिमण्या कवेलूवरून खाली येत, तिच्या पायापासून हातभर अंतरावर. कणी, कोंडा, किडका दाणा त्यांचा. दळणाचे डबे अजून चक्कीवर जातात, पण धान्य निवडून आणलेलं असतं, किंवा पिठाची थैलीच येते.

ढोली. बांबूची, शेणमातीनं लिंपलेली, धान्याची. झरी, मारेगाव, घाटंजीकडच्या पोडांवरचे कोलाम बांबूचं काम उत्तम करतात. टोपली, सूप, तट्टा. ढोलीच्या तळाशी दाणा काढायचं भोक असतं, त्याला चिंधीचा बोळा. बोळा सैल झाला की दाणा सांडायचा. पत्र्याच्या कोठीतून सांडत नाही.

वाळवण. उन्हाळ्यात बाजेवर कुरड्या, शेवया, सांडगे. शेजारी काळी छत्री उघडून ठेवायची, कावळा बिचकतो. राखण लेकरांची. काही चिमण्यांनी नेलं, काही राखणदारांनीच खाल्लं. हे अजून थोडं शिल्लक आहे.

तसबीर. जुन्या घरात तसबिरी भिंतीला चिकटून नसत. खिळ्याला दोरीनं टांगलेल्या, वरून पुढे झुकलेल्या. भिंत आणि तसबीर यांच्यामधल्या तिकोनी फटीत चिमणीचं घरटं. कडब्याची पाती, सुतळी, कोंबडीचं पीस आणि घरातल्या गंजीतून उचललेला कापूस. काड्या खाली पडायच्या, रोज झाडून काढाव्या लागायच्या, पण घरटं काढत नसत. चिमणा आरशावर चोची मारायचा. काचेतला चिमणा त्याला वैरी वाटायचा. दमून जाईल बिचारा, म्हणून विणीच्या दिवसांत आरशावर फडकं टाकायचं. पिल्लू खाली पडलं तर त्याला हात लावू नका, चिमणी त्याला परत घेत नाही, असं सांगत. ती समजूत खोटी आहे. उचलून घरट्यात ठेवलं तर आईबाप त्याला भरवतात.

कवेलूच्या घरात वळचणीला, आड्याला, भिंतीतल्या देवळीला भोकंच भोकं. त्या जागी आता स्लॅब आहे आणि स्लॅबखाली पंखा. पक्कं घर मिळालं याचा आनंद खरा आहे. गळक्या कवेलूखाली ज्यांनी पावसाळे काढले त्यांनाच तो कळतो. फक्त घर बांधताना छज्ज्याखाली सव्वा इंचाची दोन भोकं ठेवा, एवढं मिस्त्रीला सांगायला पैसे पडत नाहीत.

थोडक्यात नोंदवायचं आणखी. मातीचं अंगण, जिथे चिमण्या धुळीत लोळत आणि पाऊस येणार असं म्हातारे म्हणत. बोराटीची कुपाटी, जिच्या काट्यांत बुलबुल आणि सातभाई निर्धास्त असत. परसातला उकिरडा, साळुंक्यांचा आणि हुदहुदाचा. गुरांचा हौद. पितरांच्या पानावर लगेच येणारा कावळा. लेकराला जेवू घालताना चिऊकाऊच्या नावानं बाजूला काढलेले घास, जे खरोखर अंगणात टाकले जात. दसऱ्याला दर्शन घ्यायचा नीलकंठ. २०२३ च्या देशव्यापी अहवालानं झपाट्यानं घटणाऱ्या पक्ष्यांत त्याचं नाव घातलं आहे.

गावाबाहेरची मेलेली ढोरं टाकायची जागा परसातली नाही, तरी ती लिहिलीच पाहिजे, कारण तिथला गुन्हा आपल्या कोठ्यातून गेला. आजारी बैलाला टोचलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या बैलाच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे कारण २००४ साली सिद्ध झालं, २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तोवर फार उशीर झाला होता.

आता अळी. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना अळ्या आणि किडे भरवते. पहिले काही दिवस पिल्लाला कोवळं, मऊच लागतं. अंगणात कितीही ज्वारी टाकली तरी अळीशिवाय पिल्लू वाढत नाही. आणि अळी मारण्यासाठी आपण काय फवारतो, ते या जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक आहे? २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांच्या डोळ्यांवर पट्ट्या. सरकारनं त्यानंतर पाच कीटकनाशकांची विक्री काही काळ थांबवली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होतं. याच मोनोक्रोटोफॉसनं १९९५-९६ मध्ये अर्जेंटिनात हजारो बाज मेले होते. उत्तर अमेरिकेतून तिथे जाणारे ते पक्षी फवारलेल्या वावरांतले नाकतोडे खात होते. हातात पंप धरलेला धडधाकट माणूस ज्यानं पडतो, त्यानं पंचवीस ग्रॅमच्या चिमणीचं काय होत असेल, याची नोंद कुठल्याही दवाखान्यात नसते.

पाणी. यवतमाळात पाखरांना पाणी ठेवणं सोपं नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं तळाला गेली होती आणि लोक टँकरमागे धावत होते. त्या दिवसांतही भांडी विसळलेलं पाणी परळात ओतणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यांना कुणी पक्षिमित्र म्हणत नाही.

आणि एक नोंद शिल्लक असलेल्याची. परसातल्या जास्वंदीवर शिंपी पक्षी आहे. मादी पानाच्या कडेला चोचीनं बारीक भोकं पाडते, त्यांतून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवते आणि बाहेरच्या बाजूनं तो पिंजून बोंदरा करते, म्हणजे धागा निसटत नाही. पान जुळून द्रोण होतो, आत कापसाची गादी. कपाशीच्या या जिल्ह्यात तिला सूत कमी पडत नाही. जास्वंदीवर मावा पडला म्हणून वावरातल्या औषधाचं झाकणभर पाणी तिच्यावर मारू नका.

बाजारात आता पाखरांसाठी प्लास्टिकची खाद्यपात्रं मिळतात. लावायला हरकत नाही, पण धुवायला हवीत. इंग्लंडमध्ये घाणेरड्या खाद्यपात्रांवरून पसरलेल्या रोगानं ग्रीनफिंच नावाच्या साध्या परसातल्या पाखराची संख्या काही वर्षांत कोसळली. मातीचं परळ बरं. रोज घासायचं, सावलीत ठेवायचं, पाणी दोन बोटं.

ज्यांच्याकडे वावर आहे त्यांना काही विनंत्या. हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे मिसळून पेरा, ही कृषी शास्त्रज्ञांची जुनी शिफारस आहे. ताटं उंच वाढली की त्यांवर कोतवाल, साळुंक्या बसतात आणि घाटेअळी वेचतात. कपाशीत हेक्टरी २० ते २५ पक्षिथांबे लावा, तेही त्यासाठीच. पेरून उरलेलं औषध लावलेलं रंगीत बियाणं बांधावर फेकू नका, खोल पुरा. आणि ज्वारीची कणसं भरली की चार घरी आणून दारात टांगा.