अंगठ्याचे लाड

उत्तर मिनेसोटात जानेवारीत उणे वीस म्हणजे काही विशेष नाही. स्नोमोबाइलच्या मुठी तापतात, त्यामुळे चार बोटं मजेत असतात. हाल होतात ते उजव्या अंगठ्याचे. इथे थ्रॉटल पिळायचा नसतो, अंगठ्याने दाबून धरायचा. बाकीची बोटं एकमेकांना बिलगून बसतात, हा बिचारा एकटाच गार पट्टीवर जोर लावत राहतो. बाँबार्डिए यांची स्की-डू ही स्नोमोबाइल क्वेबेकमध्ये १९५९ साली बाजारात आली, तेव्हाच्या लोकांनी कसे दिवस काढले कोण जाणे!

आज गॅरेजमध्ये अंगठ्याचा हीटर बसवला. कागदासारखी पातळ पट्टी, आत तापणारी तार, मागे गोंद. थ्रॉटलची पट्टी स्पिरिटने पुसून कोमट केली. गार प्लास्टिकवर गोंद धरत नाही. वरून श्रिंक ट्यूब चढवली. हीट गनची हवा लागताच ती आक्रसत जाते आणि घट्ट बसते. हे बघायला मला अजूनही आवडतं.

खरा वेळ खाल्ला वायरने. हँडल पार डावीकडे, पार उजवीकडे फिरवून तिला पुरेशी ढील ठेवली. अंगठा उचलला की थ्रॉटल खटकन मागे आलाच पाहिजे. वायर आड आली तर गाडी थेट झाडात. अंगठा गारठला तरी परवडेल, पण यात तडजोड नाही.

बायको म्हणाली, "जाड मिटन घाल की." घालतो, पण त्यात थ्रॉटलचा अंदाज येत नाही. शिवाय गॅरेजमध्ये बसायला निमित्त नको का? हीटर 'लो'वर पुरतो की 'हाय'वर लागतो, ते रविवारी तळ्यावर कळेल.