सहीनंतरचा साक्षीदार

मुंबईत मरोळ, आंबोली किंवा गोराईच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरात लग्न ठरलं की बेस्ट मॅन कोण, हेही ठरवावं लागतं. नवरदेवाला वेळेत चर्चमध्ये पोहोचवणं, अंगठ्या जपणं, पाहुण्यांकडे लक्ष ठेवणं ही त्याची सर्वांना दिसणारी कामं. पण कॅथलिक विवाहविधीत धर्मगुरूखेरीज दोन साक्षीदार लागतात आणि त्यातली एक सही बहुधा त्याची असते. माझ्या मते त्याची खरी जबाबदारी त्या सहीपासून सुरू होते.

हिंदू मराठी लग्नात हीच जबाबदारी अनेकांत वाटलेली दिसते. मामा वधूला मांडवात आणतो, करवली पाठीशी उभी राहते, वधूचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. मानपानाच्या हौसेत आपण कानपिळीचा अर्थ विसरतो: हिला दुखावलंस तर जाब विचारणारा कुणीतरी आहे, हे चारचौघांत सांगून ठेवलेलं असतं. कायदाही साक्षीदार मागतोच. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने तीन साक्षीदार आवश्यक केले. महापालिकेच्या मुलुंडमधल्या टी किंवा घाटकोपरमधल्या एन विभाग कार्यालयात लग्नाची नोंदणी करायची, तरी तीन साक्षीदार न्यावे लागतात. धर्म निराळे, विधी निराळे. तरी लग्न केवळ दोघांच्या होकारावर उरकू नये, यावर सर्वांचं एकमत आहे.

यावर कुणी म्हणेल, कायद्याला फक्त लग्न झाल्याचा पुरावा हवा असतो. धावपळ तर हल्ली इव्हेंटवाले करतात. खरं आहे. पण पुरावाच हवा असता तर कार्यालयाबाहेरचा कुणीही चालला असता. माणसं मात्र सहीसाठी जिवाभावाचा मित्र शोधतात, कारण त्या सहीत त्यांना आधार हवा असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्याने पडू नये. रोजच्या कुरबुरीत पडूच नये. पण ज्यांचे आईवडील कोकणात किंवा साताऱ्याकडे राहतात आणि संसार बोरिवलीच्या वन बीएचकेत चालतो, त्यांच्या घरात अबोला वाढला तर दोघांचंही ऐकून घेणारं माणूस जवळ असावं लागतं. आणि मारहाण होत असेल, तर तटस्थता हा गुन्ह्यालाच हातभार ठरतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार अशी माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि ती सद्भावनेने दिली असेल तर त्याच्यावर दायित्व येत नाही. अशा वेळी नवऱ्याचा मित्र म्हणून साक्षीला उभा राहिलेल्याने मैत्रीपेक्षा त्या बाईची सुरक्षितता मोठी मानलीच पाहिजे.

माणसाच्या वाट्याला ही भूमिका आयुष्यात पुन्हा पुन्हा येते. लहानपणी करवलीमागे मिरवणारा मुलगा पंचविशीत मित्रासाठी सही करतो आणि पन्नाशीत मामा म्हणून भाचीला मांडवात घेऊन येतो. वय वाढतं तसा मान वाढतो, पण कर्तव्य तेच राहतं. म्हणून नवरदेवाने बेस्ट मॅन निवडताना सूट कुणाला शोभेल किंवा भाषण कोण रंगवील याआधी एवढं पाहावं: हा माणूस दहा वर्षांनी मला तोंडावर ‘तुझं चुकतंय’ म्हणू शकेल का? आणि ज्याला विचारणा झाली त्याने, हे आपल्याला जमेल अशी खात्री असेल तरच होकार द्यावा.