दोन कार्डं, एकच घंटा

समजा, तुमच्या घराला दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांची घंटा अगदी सारखीच वाजते. तुम्ही स्वयंपाकघरात पोळ्या लाटताय. घंटा वाजली. आता कुठल्या दाराकडे धावाल? जुन्या कॉम्प्युटरची अशीच पंचाईत व्हायची.

प्रोसेसर आपल्या कामात गुंग असतो. कीबोर्ड, डिस्क किंवा नेटवर्क कार्डाला त्याचं लक्ष हवं असलं की ते एक इशारा देतात. त्याला इंटरप्ट म्हणतात. 1984 च्या आयबीएम पीसी एटीमध्ये या इशाऱ्यांसाठी 16 लाइनी होत्या, 0 ते 15. त्यांचं नाव आय.आर.क्यू. बऱ्याचशा आधीच वाटलेल्या: 0 घड्याळाला, 1 कीबोर्डला, 6 फ्लॉपीला, 14 हार्ड डिस्कला. नव्या पाहुण्याने उरलेल्या जागेत बसायचं.

1999 मध्ये आम्ही न्यू जर्सीत राहत होतो. मी दहावीत होतो. बाबा वाय-टू-केच्या कामात बुडालेले. 2000 साल उजाडल्यावर जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा चुकू नयेत, म्हणून रात्रंदिवस तपासणी चाललेली. घरात कॉम्प्युटर दोन, पण इंटरनेट एकाच वेळी एकालाच मिळायचं. तिकडे सांगलीत आजीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं. मामा रोज संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन आईला मेल लिहायचा. आमच्याकडे तेव्हा सकाळ. आई खुर्चीमागे ताटकळत उभी, आणि बाबा म्हणायचे, "अगं, दहाच मिनिटं थांब." ती दहा मिनिटं तासाभराची असत. फोन महाग होता. शिवाय मेलमध्ये सगळं सविस्तर असायचं: आजी काय जेवली, कुणावर चिडली.

विंडोज 98 ची दुसरी आवृत्ती त्याच वर्षी आली. तिच्यात एकच इंटरनेट दोन कॉम्प्युटरना वाटून द्यायची सोय होती. त्यासाठी बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन नेटवर्क कार्डं हवी होती: एक इंटरनेटसाठी, दुसरं आईच्या कॉम्प्युटरसाठी. बाबांनी कॉम्प्युटर मेळ्यातून दोन जुनी, एकसारखी कार्डं स्वस्तात आणली. बसवली, तर दोन्ही बंद! डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह.

दुकानदार म्हणाला, "एक कार्ड खराब आहे, नवीन घ्या." मला ते पटेना. मी एक कार्ड काढलं. दुसरं चालू! मग ते काढून पहिलं लावलं. तेही चालू! म्हणजे कार्डं ठणठणीत होती, भांडण एकत्र राहण्याचं होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ना, तसंच.

कारण सोपं होतं. दोन्ही कार्डं कारखान्यातूनच आय.आर.क्यू. 3 वर लावून आलेली. प्रोसेसर ज्या पत्त्यावर कार्डाशी बोलतो, तो पत्ताही दोघांचा एकच, 300. घंटाही तीच आणि घर नंबरही तोच!

कार्डावर जम्पर होते. जम्पर म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी टोपी. ती दोन पिनांवर बसवली की त्या पिना जोडल्या जातात. मी दुसऱ्या कार्डासाठी रिकामा नंबर शोधू लागलो. 5 वर साउंड कार्ड आधीच ठाण मांडून बसलेलं. 10 मोकळा होता. चिमट्याने जम्पर हलवले: आय.आर.क्यू. 10, पत्ता 320. पहिलं कार्ड 3 वरच ठेवलं. पण तिथे कॉम-2 पोर्टही असतं, म्हणून ते बायोसमध्ये बंद केलं. एवढ्यावर भागलं नाही बरं का! ही जुनी कार्डं आपले नंबर विंडोजला आपण होऊन सांगत नसत. ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये हाताने भरावे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा त्यांच्या कामात होते आणि आई शेजारच्या खोलीत मेल वाचत होती. आजी वॉकर धरून ओट्यापर्यंत गेली होती, आणि चहात साखर कमी म्हणून मामीला बोलली होती. आई आधी हसली, मग डोळे पुसत राहिली. बाबांना काहीच कळलं नाही. त्यांची तपासणी चालू होती.

पीसीआय कार्डं तोवर आलेलीच होती. त्यांना एक लाइन दोघांत वाटून घेता येते, आणि त्यांचे नंबर कॉम्प्युटर आपण होऊन ठरवतो, त्यामुळे जम्पर गेले. पण तुमच्याकडे विंडोजचा कॉम्प्युटर असेल, तर डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'व्ह्यू'मध्ये 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडा. आय.आर.क्यू.ची यादी दिसेल. बहुतेक कॉम्प्युटरांत 0 वर अजूनही घड्याळच असतं.