बीव्हर तलावावरची एक सकाळ

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस नायगारा पाहून येतो, निदान न्यूयॉर्कचा पुतळा तरी. २०२५ च्या मार्चमध्ये मी अक्काकडे पंधरा दिवस राहून आलो आणि यातले काहीच पाहिले नाही. कॉलेजात सहकाऱ्यांनी विचारले तेव्हा, "मासे धरायला शिकलो," असे खरे सांगितले. कोणी विश्वास ठेवला नाही.

अक्का आणि दाजी राहतात ते बेंटनव्हिल हे आर्कान्सा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले गाव. वॉलमार्टचे मुख्यालय तिथे आहे, त्यामुळे कॉम्प्युटरच्या कामाला आलेली आपल्याकडची माणसे पुष्कळ. शनिवारी दुकानात तेलुगू, तमीळ, मराठी सगळे ऐकू येते. दाजींचे घर कन्नड, अक्का आपली मराठी, आणि त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा या दोन्हींच्या मधून वाट काढत इंग्रजीत जाऊन बसलेला. घरात त्याला अजून ‘पुट्टा’च म्हणतात. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का मला स्वयंपाकघरात म्हणाली, "त्याच्याशी जरा बोल की रे. पप्पा गेल्यापासून फार बोलत नाही तो."

आमच्या वडिलांना गळाचा नाद होता. रविवार आला की सायकलला बांबूची काठी बांधून ते घटप्रभेच्या काठी जायचे. गांडूळ, कणकेची गोळी, पाण्यावर तरंगणारा बुचाचा तुकडा, एवढेच सामान. मला ते दोन-तीनदा घेऊन गेले, पण मी सतत बडबडायचो म्हणून पुढे नेणे बंद केले. मलाही त्याचे दुःख नव्हते. नातवाला मात्र हा वारसा कसा कोण जाणे पोहोचला. फोनवर दोघांचे तासन् तास चालायचे. पुट्टा प्लास्टिकची नकली मासळी कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि इकडून आमचे वडील विचारायचे, "ह्या खेळण्याला मासा भुलतो होय रे?" व्हिसाचे काम झाले होते, तिकीट काढायचे तेवढे राहिले होते. २०२३ च्या दिवाळीनंतर ते गेले.

बेंटनव्हिलहून अर्ध्या तासाच्या आत बीव्हर तलाव लागतो. व्हाइट नदीवर अमेरिकेच्या लष्कराच्या इंजिनिअरांनी धरण बांधले, ते १९६६ मध्ये पुरे झाले. पसारा सुमारे २८ हजार एकरांचा. नदी डोंगरांतून वळसे घेत येत असल्यामुळे पाणी एकसंध दिसत नाही, शेकडो फाटे फुटलेले दिसते. काठाला चुनखडीचे उभे कडे, त्यावर हिरवी सीडरची झाडे आणि मार्चमध्ये अजून उघडेबोडके असलेले ओक. पाणी स्वच्छ, आसपासची शहरे तेच पितात. पोटात जुनी झाडे तशीच उभी आहेत. माँट ने नावाचे एक विश्रांतीस्थानही बुडालेले आहे. विल्यम ‘कॉइन’ हार्वे नावाच्या विक्षिप्त गृहस्थाने ते गेल्या शतकाच्या आरंभी वसवले होते. पाणी उतरले की तिथल्या रंगमंडलाच्या पायऱ्या वर येतात. हे ऐकून मी पुट्टाला हिडकलचे पाणी ओसरल्यावर दिसणाऱ्या हुन्नूरच्या विठ्ठल मंदिराबद्दल सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे. अज्जाने सांगितले."

मला तीन दिवसांचा परवाना काढावा लागला. सोळा वर्षांच्या आतल्याला तो लागत नाही, म्हणजे गुरूला परवाना नाही आणि शिष्याला आहे अशी गंमत. सकाळी साडेसातला दाजींनी भाड्याची बोट पाण्यात घातली. अंगावर तीन थर कपडे होते तरी दात वाजत होते. पुट्टाने पाण्यात थर्मामीटर सोडला : ४८ फॅरनहाइट, म्हणजे आपले नऊ अंश. तो खूश झाला. कारण त्याने मला सांगितले ते असे.

इथला मोठा मासा म्हणजे बास. मोठ्या तोंडाचा, छोट्या तोंडाचा आणि ठिपक्यांचा, असे तिन्ही या तलावात आहेत. ‘शॅड’ नावाची चंदेरी मासळी हे त्यांचे खाणे. कडाक्याच्या थंडीत ही शॅड अर्धमेली होते. दोन झटके देते, मग पाण्यात तशीच लटकून राहते. थंडीने सुस्तावलेला बास पाठलाग करत नाही, पण नाकासमोर असे आयते लटकलेले दिसले तर सोडतही नाही. या मरणाऱ्या मासळीची नक्कल म्हणजे जर्कबेट. वीतभरापेक्षा जरा लहान, सडपातळ प्लास्टिकची मासळी, हनुवटीला पारदर्शक जीभ आणि पोटाखाली तीन-तीन टोकांचे गळ. जिभेमुळे ती ओढली की खाली बुडते, चार ते आठ फुटांपर्यंत.

यात तीन जाती. सोडले की वर येणारी, बुडणारी, आणि जिथल्या तिथे थांबणारी. नवशिक्याने थंड पाण्यासाठी तिसरीच घ्यावी, असे पुट्टाचे स्पष्ट मत. रंगांचे दुकानात शंभर प्रकार असतात, त्यांतले दोन पुरेत : नितळ पाण्याला काचेसारखा अर्धपारदर्शक, गढूळ पाण्याला किंवा ढगाळ दिवसाला भडक. जपानी बनावटीची पंचवीस डॉलरला मिळते, पण पहिल्या दिवशी ती झाडात अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. गळ मात्र अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावेत, घसरले तर बोथट. एवढी दुकानदारी मला कोणत्याही दुकानदाराने समजावली नसती.

प्रत्यक्षात टाकायला लागलो आणि माझी फजिती सुरू झाली. लांब फेकायचे, चार-पाच वेढे गुंडाळून खोलीला न्यायचे, मग काठीचे टोक पाण्याकडे ठेवून दोन झटके द्यायचे आणि लगेच दोरा सैल सोडायचा. दोरा ताठ राहिला तर मासळी पुढे सरकते, सैल असेल तर जागच्या जागी मान डावी-उजवी वळवते. आणि मग थांबायचे. इथेच सगळे अडते. वीस वर्षे वर्गात बोलणाऱ्या माणसाला पंधरा सेकंद म्हणजे केवढे असतात ते विचारा. मी तीन मोजायचो आणि झटका द्यायचो.

"तडी, मामा," पुट्टा म्हणाला.

कन्नडमध्ये. मी पाहातच राहिलो. त्याच्या दोन्ही घरच्या भाषांतला तो दिवसभरातला पहिला शब्द असावा. पुढे तासभर तो तेवढाच बोलला. मी झटका द्यायचो, तो हळूच "तडी" म्हणायचा, दाजी मागे बसून चहाच्या थर्मासकडे पाहात हसायचे. मी त्याला कॉलेजचे, शिक्षणाचे, भाषेचे पुष्कळ काही विचारायचे ठरवून आलो होतो. त्यातले काही विचारले नाही.

वारा सुटला तेव्हा त्याने बोट एका कड्याच्या टोकाशी नेली. वारा ज्या काठावर येतो तिथे टाकायचे, पाण्यावर बारीक लाट हवी, सपाट पाण्यात मासा नकली वस्तू ओळखतो. तिथे बारा मोजून मी पुढचा झटका द्यायला गेलो तर दोरा जड लागला. अडकले म्हणावे तर ते हलत होते. हिसका बसला वगैरे काही नाही, नुसते जडपण. ठिपक्यांचा बास निघाला, किलोभराचा असेल नसेल. पुट्टाने हात ओले केले, खालच्या जबड्यात अंगठा घालून उचलला आणि माझे बोट माशाच्या जिभेवर ठेवले. पॉलिश पेपरसारखा खरखरीत चौकोन. ही ठिपक्यांच्या जातीची खूण. मग त्याने तो पाण्यात सोडून दिला. आमच्या वडिलांना हे मुळीच पटले नसते.

दुपारी निघण्याआधी पुट्टाने खिशातून एक न उघडलेली डबी काढली. आत ‘रोग’ होता. हो, त्या कंपनीच्या मासळीचे नावच ते आहे, आणि या भागातल्या तलावांवर ती जुनी नावाजलेली आहे. अक्काने ते नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा कपाळाला हात लावला होता म्हणे. आठ-नऊ डॉलरची वस्तू, स्वतःच्या पैशाने घेतलेली.

"अज्जासाठी होता," तो म्हणाला. मराठीत.

त्याने ती बोटीच्या कडेला पाण्यात सोडून पाहिली. हळूहळू वर येत होती. थंड पाणी दाट असते, म्हणून ती वर सरकते. त्याने पोटाला शिशाचा बारीक तुकडा चिकटवला, पुन्हा सोडली. या वेळी ती तिथेच थांबली, नाक किंचित खाली. मग माझ्या दोऱ्याला बांधली. मी म्हणालो, अडकली तर? खाली सगळी झाडेच आहेत. त्याने खांदे उडवले. मी सहा वेळा टाकली, दर वेळी छाती धडधडत होती. सातव्यांदा ती अडकलीच. मी जोर लावणार तोच "तडी" झाले. बोट वळसा घालून फांदीच्या पलीकडे नेली, उलट दिशेने दोरा सैल करून दोनदा हलवला आणि मासळी सुटली. एक गळ सरळ झाला होता. मासा लागला नाही.

ती डबी त्याने मला दिली. बेळगावला आल्यावर पहिल्याच रात्री मी न्हाणीघरातल्या बादलीत ती सोडली. थांबेल म्हणून वाट पाहिली, तर ती हळूहळू, आडवीच्या आडवी, तळाला जाऊन बसली. पुट्टाला फोन लावून दाखवले.

"पाणी गरम आहे ना तिकडे," तो म्हणाला. "पोटाचे शिसे काढ. मग परत सोड, मी बघतो."