शिक्षा

डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रूबिन यांनी १९१५ साली एक चित्र प्रसिद्ध केले. पाहावे तर मधली फुलदाणी. पुन्हा पाहावे तर समोरासमोर दोन चेहरे. दोन्ही एकदम मात्र दिसत नाहीत. मन एकाला पुढे आणते, दुसऱ्याला मागे सारते.

बालाघाटात पाट्या वाचताना माझे तसेच होते. ‘शिक्षा’ या अक्षरांत कधी शाळा दिसते, कधी छडी! (आमच्या लहानपणी दोन्ही एकच होते म्हणा.) १९५६ साली शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, लिपी तेवढी दोघांची एकच. नातीला त्या पाटीत नुसती शाळा दिसते. म्हणून संध्याकाळी तिला मराठी वाचायला बसवतो. परवा कुरकुरली, “आजोबा, ही तर शिक्षाच!” कोणत्या भाषेतली, ते मी विचारले नाही.