आईचे नऊ डबे

खोपोलीला आमच्या चाळीच्या खोलीपुढे हातभर पडवी आहे. तीत आईचे नऊ डबे आहेत. तेलाचे, पंधरा किलोचे. मिरची, माठ, वांगी नि एक चवळीचा वेल. खालापूरकडची आमची भातखाचरे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गात गेली. तो मार्ग २००२ साली पुरा झाला. मी त्यानंतर जन्मले. मोबदला आला तसा गेला.

पहिल्या पावसाळ्यात सारी रोपे कुजली. आमच्याकडे पाऊस घाटाला थडकून कोसळतो. झडीने डबे तुडुंब भरले आणि त्यांना भोकेच नव्हती! बांध घालून पाणी अडवण्यात वाढलेल्या आईला ते सुचणार कसे? मी खिळा-हातोडी घेतली.

"बाय, पाणी सोडून द्यायचं?" ती कळवळून म्हणाली. मुळांना हवा लागते, हे मी शाळेत शिकलेले. तिला ते अजून पुरते पटलेले नाही. भोकांवर खापरीचे तुकडे मात्र तीच ठेवते.

बाबा त्या डब्यांकडे बघत नसत. "डब्यात कसली शेती?" एवढेच म्हणत. गेल्या चैत्रात एकदा पहाटे जाग आली. रात्रपाळीहून आलेले बाबा बोटाने माती उकरून ओल पाहत होते. मग त्यांनी प्यायच्या तांब्यातले पाणी हळूच मिरचीला ओतले. मी डोळे मिटून घेतले.